'एफेमेरल' म्हणजे नक्की किती दिवसांचं?

गिरणाकाठ

इंग्रजीतला 'एफेमेरल' हा शब्द हल्ली कुठंही भेटतो: पुस्तकाच्या परीक्षणात, पर्यावरणाच्या लेखात, अगदी मोबाइलच्या ॲपमध्येसुद्धा. मराठीत आणताना त्याचं सरसकट 'क्षणभंगुर' केलं जातं आणि मला ते पटत नाही. निमित्त असं की आमच्या भागातल्या नाल्यांवरचं एक माहितीपत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. मूळ मजकुरात पानोपानी 'एफेमेरल स्ट्रीम' आहे. 'क्षणभंगुर नाला' लिहिलं तर वाचणारा शेतकरी कागद बाजूला ठेवेल आणि त्याचं बरोबरच असेल.

म्हणून मुळापासून बघायला घेतलं. शब्द ग्रीक आहे. 'एपी' म्हणजे वर, साठी, पुरतं. 'हेमेरा' म्हणजे दिवस. दोन्ही जोडताना 'एपी'तला शेवटचा स्वर गळतो, 'प'ला 'ह' चिकटतो आणि 'फ' होतो. झालं 'एफेमेरॉस'. म्हणजे यात क्षण नाही आणि भंग होणंही नाही. आहे तो दिवस.

इंग्रजीत हा शब्द वैद्यांच्या पोतडीतून आला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'फेब्रिस एफेमेरा' म्हणजे एका दिवसात उतरणारा ताप. नाम आधी आलं. 'एफेमेरल' हे विशेषण सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, तेही सुरुवातीला आजार आणि आयुष्य यांनाच लागायचं. 'थोडा काळ टिकणारं काहीही' हा अर्थ त्यानंतर पसरला.

तापानंतर किडा. ॲरिस्टॉटलनं काळ्या समुद्राकडच्या हिपानिस नदीवरच्या एका जिवाचं वर्णन केलंय: ऐन उन्हाळ्यात बाहेर येतो, संध्याकाळपर्यंत उडतो, सूर्य मावळता मावळता मरतो, म्हणून त्याचं नाव 'एफेमेरॉन'. त्याला चार पाय असतात असंही तो म्हणतो. ही मेफ्लाय असावी असं मानतात. मेफ्लाय बसली की पुढचे दोन पाय उचलून धरते, त्यामुळे बघणाऱ्याला चारच दिसणं साहजिक आहे. पुढे लिनियसनं १७५८ मध्ये या किड्यांच्या एका प्रजातीगटाला 'एफेमेरा' हेच नाव दिलं आणि त्यांच्या अख्ख्या गणाला आज 'एफेमेरोप्टेरा' म्हणतात. प्टेरॉन म्हणजे पंख.

मात्र मेफ्लाय खरंच एका दिवसाची नसते. तिचं पिल्लू पाण्याच्या तळाशी महिनोन्‌महिने, काही जातींत दोन वर्षंही काढतं. पंख फुटल्यावरचं आयुष्य तेवढं तासांचं किंवा एखाद-दोन दिवसांचं. त्या अवस्थेत तिला खाता येईल असं तोंडच नसतं. पहिल्या पावसानंतर आपल्या दिव्यांभोवती गर्दी करतात ते किडे वेगळे, ते वाळवीचे. दोन्हींची गल्लत नको.

तर प्रश्न असा: मराठीत याला काय म्हणावं? आणि विशेषतः नाल्याला?

सांजोरी

गिरणाकाठ दादा, तापाचा मुद्दा थोडा सोडवून सांगते, कारण इथं नेहमी घोळ होतो. 'एफेमेरा' म्हणजे एकदाच येऊन एका दिवसात जाणारा ताप. रोज ठरल्या वेळी चढणारा तो नव्हे, त्याला युरोपातल्या वैद्यांकडे वेगळं नाव होतं. आपल्या आयुर्वेदातही विषमज्वराचे प्रकार दिवसांवरच आहेत: रोज येणारा अन्येद्युष्क, एक दिवस सोडून येणारा तृतीयक, दोन दिवस सोडून येणारा चतुर्थक. माझी आजी 'एकांतरा' आणि 'तिजारी' म्हणायची, हे हिवतापाचे ताप. दिवस मोजून तापाला नाव द्यायची रीत इकडेही होती आणि तिकडेही. म्हणून मला 'एकदिवशी' हा शब्द सरळ वाटतो. त्याला काय हरकत आहे?

आणि 'एफेमेरिस' म्हणजे ग्रहांचं कोष्टक, ते याच घराण्यातलं ना? ग्रह काही एका दिवसाचे नसतात!

रोजकीर्द

ताई, याचं उत्तर माझ्या धंद्यात आहे. आयुष्य जळगावात हिशेब लिहिण्यात गेलं. लॅटिनमध्ये गेल्यावर 'एफेमेरिस' म्हणजे दिवसाची नोंदवही. आज काय आलं, काय गेलं, आज कोण भेटलं. थोडक्यात आपली रोजकीर्द. खतावणीत प्रत्येकाचं खातं वेगळं असतं, रोजकीर्दीत तारीख मुख्य. आज रोख शिल्लक किती ते मांडायचं, रेघ मारायची, उद्या नवं पान.

ग्रहांचं कोष्टक तसंच असतं. अमुक तारखेला मंगळ कुठं, गुरू कुठं, ओळीला एक दिवस. एकेका ओळीची सत्यता त्या दिवसापुरती, वही मात्र वर्षभर चालते. कोलकात्याचं पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटर दरवर्षी 'इंडियन ॲस्ट्रॉनॉमिकल एफेमेरिस' काढतं. पंचांगकर्त्यांना लागणारं गणित अशाच कोष्टकांतलं असतं.

आणखी एक. मोबाइलला रस्ता सापडतो तो जीपीएसच्या उपग्रहांमुळं. प्रत्येक उपग्रह आपली कक्षा सतत सांगत असतो, त्या माहितीलाही एफेमेरिसच म्हणतात. ती साधारण चार तास वापरण्याजोगी असते, मग नवी घ्यावी लागते. घराणं एकच, गुण वेगवेगळे. एका भावाकडे नाशिवंतपणा गेला, दुसऱ्याकडे नोंद ठेवणं.

पांढरंसोनं

मी शेती करतो, चोपडा तालुका. व्युत्पत्तीतलं मला फार कळत नाही, पण एका दिवसाचं म्हणाल तर कपाशीचं फूल बघा. वनस्पतीशास्त्रात एका दिवसात उमलून मिटणाऱ्या फुलांना एफेमेरलच म्हणतात, हे कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या पुतण्यानं सांगितलं.

आमच्याकडे आता सगळी अमेरिकन कपाशी. पातं (कळी) लागतं, मोठं होतं आणि एका सकाळी फूल उघडतं. रंग दुधट, किंचित पिवळसर. ऊन चढेपर्यंत मधमाशा आणि भुंगे येऊन जातात, जे व्हायचं ते त्याच दिवशी होतं. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी. मग आणखी गडद, चुरगळलेलं, आणि दोन-तीन दिवसांत खाली. त्यामुळं भर फुलोऱ्यात शेतात उभं राहिलं की एकाच झाडावर पांढरी आणि गुलाबी फुलं शेजारी शेजारी दिसतात. नवख्याला वाटतं दोन वाणांची भेसळ झाली. ते आजचं आणि कालचं फूल असतं. जुनी देशी कपाशी लावायचे तेव्हा फूल पिवळंधमक असायचं.

आता यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. फूल एक दिवसाचं, पण त्याच्या मागं कैरी (कच्चं बोंड) धरते आणि ती फुटून कापूस हातात यायला दीड-दोन महिने लागतात. आणि तो एक दिवस बिघडला तर? गुलाबी बोंडअळी कळीत शिरली की पाकळ्या आतून जाळीनं बांधून टाकते, फूल उमलतच नाही. आम्ही त्याला डोमकळी म्हणतो. लांबून गुलाबाच्या मिटल्या कळीसारखं दिसतं. सकाळी शेतात फिरताना अशा डोमकळ्या दिसल्या की पोटात गोळा येतो. त्या तोडून, अळीसकट नष्ट कराव्या लागतात.

म्हणून 'क्षणभंगुर' म्हणून उसासा टाकायची आमची रीत नाही. त्या एका दिवसावर पुढचं सगळं टांगलेलं असतं.

वाघूर

पांढरंसोनं भाऊ, फार नेमकं लिहिलंत.

मी पाली शिकते, म्हणून दुसऱ्या टोकाकडून येते. 'इम्पर्मनन्स'साठी आपल्याकडे 'अनित्य' आहे, पालीत 'अनिच्च'. बौद्ध विचारात ते सगळ्याला लागू आहे. डोंगर अनित्य, राज्य अनित्य, हे शरीर अनित्य. अजिंठ्याची लेणी ज्या कड्यात कोरलीत तो कडाही अनित्य. तिथली वाघूर पुढे आपल्या जळगाव जिल्ह्यातून तापीला मिळते, तीही अनित्य. पण अजिंठ्याच्या कड्याला इंग्रजीत कुणी 'एफेमेरल' म्हणणार नाही. अनित्यता हा वस्तूचा धर्म आहे, एफेमेरल हे मोजमाप आहे, ते आखूड असावं लागतं.

'क्षणभंगुर'ची अडचण इथंच आहे. 'क्षण' आणि 'भंगुर' या शब्दांना दर्शनांची मोठी परंपरा आहे. क्षणिकवाद्यांच्या मते तर प्रत्येक वस्तू क्षणाक्षणाला नष्ट होऊन नवी उपजते. कीर्तनातही 'देह क्षणभंगुर' म्हटलं की मागोमाग वैराग्य येतं. एफेमेरलला तो वैराग्याचा वास नाही.

इंग्रजीतल्या शेजाऱ्यांपासूनही तो वेगळा काढायला हवा. 'ट्रान्झिएंट' लॅटिन, त्याच्या मुळात पलीकडे जाणं आहे: आला, थांबला, गेला. 'इव्हॅनेसंट'मध्ये विरून जाणं आहे. 'टेम्पररी' नुसता काळाचा, तात्पुरता. दिवस मोजणारा एकटा एफेमेरल.

आखाजी

मी आहिरानीमा लिखस, समजी ली ज्या.

आमना गावमा कानबाई देवी रविवारले बसस, सोमवारले उठस. नागपंचमीना मांगे जो पहिला रविवार ई, तो. एकच रात ऱ्हास, पन सालभर वाट दखतस सगळा. सुरत, पुना, जठे जठे पोरे कामले जायेल शेतस तठून येतस.

(पुढचं मराठीत, सगळ्यांसाठी.) घर सारवणं, गहू दळणं, रोटाची तयारी, भाऊबंदांना निरोप, हे सगळं आधीपासून चालतं. नारळाला डोळे, नाक, नथ लावून, लुगडं नेसवून देवी चौरंगावर बसते. रात्रभर जागरण, गाणी, फुगड्या. सोमवारी चौरंग डोक्यावर घेऊन नदीवर. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत.

एक रात्र राहणाऱ्या देवीला आमच्यात कुणी क्षणभंगुर म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. 'पाहुनी' म्हणतात. पाहुणी येते, राहते, जाते आणि पुढच्या श्रावणात परत येते. एफेमेरलमध्ये परत येणं बसतं का, हे मला विचारायचंय. दादांच्या नाल्याला पाणी दर पावसाळ्यात परत येतंच की.

पारोळ्याचे नाना

मी निवृत्त संस्कृत शिक्षक. संस्कृतात दिवसाला 'अहन्'. समासात त्याचा 'अह' होतो. आपण रोज वापरतो तो 'सप्ताह' त्यातलाच, सात दिवसांचा समूह. श्रौतयज्ञांत एका दिवसात आटोपणाऱ्या सोमयागाला 'एकाह' हे नावच आहे. बारा दिवसांपर्यंतचे 'अहीन', त्याहून लांबलेलं 'सत्र'. तेव्हा शास्त्रीय परिभाषेत 'एकाहिक' हा शब्द घडवता येईल. गावोगाव हरिनाम सप्ताह बसतात, त्यामुळे 'अह' आपल्या लोकांच्या कानाला परका नाही.

बाळा गिरणाकाठ, पत्रक शेतकऱ्यांसाठी आहे हे मी जाणतो. मी पाठ्यपुस्तकासाठी सुचवतोय.

गिरणाकाठ

नाना, नमस्कार. 'एकाह' माहीत नव्हता, मनापासून आभार. पण 'एका दिवसाचं' इथंच थांबावं की नाही, याबद्दल एक वाद आहे तो इथं मांडतो.

ग्रीक कवी पिंडार यानं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हे विशेषण माणसालाच लावलं. कुस्ती जिंकलेल्या एका मल्लाच्या गौरवाच्या कवितेत, ऐन जयजयकारात. बरेच दिवस त्याचा अर्थ 'एका दिवसाचं आयुष्य असलेले जीव' असा लावला जायचा. हरमान फ्रेंकेल या अभ्यासकानं १९४६ मध्ये वेगळं मांडलं. त्याचं म्हणणं, जुन्या कवींच्या तोंडी 'एफेमेरॉस'चा अर्थ आयुष्य किती लांब हा नाही. माणूस दिवसाच्या हाती आहे. दिवस जसा उगवेल तसा माणूस होतो. आज मल्ल, उद्या कोण जाणे. 'एपी'चा अर्थ 'च्या स्वाधीन' असा घ्यायचा.

हे सगळ्यांनी मान्य केलंय असं नाही. पण मला ते वाचताना रावेर-यावलच्या केळीबागा आठवल्या. घड भरलेले, कापणी आठवड्यावर, आणि मे-जूनमध्ये एका दुपारी वादळ येतं. तासाभरात बाग आडवी. केळी बारा महिन्यांचं पीक आहे, एक दिवसाचं नाही. तरी ते दिवसाच्या हाती आहे. या अर्थानं अख्खा खान्देश एफेमेरॉस आहे आणि हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. पांढरंसोनं भाऊंनी डोमकळीचं लिहिलं ते याच अर्थाच्या जवळ जातं.

वाघूर

मग दोन अर्थांना दोन शब्द लागतील. 'दिवसाधीन' कसा वाटतो? 'दैवाधीन'ला कानाने जवळ आहे.

पारोळ्याचे नाना

कानाने जवळ आहे हीच अडचण आहे. लोक छपाईची चूक समजतील.

भुसावळ_जंक्शन

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, गाव भुसावळ. आमच्याकडे हा शब्द रोजचा आहे आणि त्यात दिवसाचा काही संबंध उरलेला नाही. तुम्ही एखादी वेबसाइट उघडता तेव्हा तुमचा संगणक त्या जोडणीसाठी एक पोर्ट क्रमांक घेतो. जोडणी संपली की क्रमांक मोकळा. त्याला एफेमेरल पोर्ट म्हणतात. यासाठी ठरवून दिलेला पट्टा ४९१५२ ते ६५५३५ असा आहे. बँकेच्या साइटशी बोलताना दोन्ही बाजू त्या वेळेसाठीच एक किल्ली बनवतात, ती एफेमेरल की. काम झालं की टाकून द्यायची. उद्या कुणी बँकेची मुख्य किल्ली चोरली तरी आजचं बोलणं त्याला उलगडत नाही, कारण आजची किल्ली उरलेलीच नसते. वेबवरचं बोलणं गुप्त ठेवण्याच्या पद्धतीला टीएलएस म्हणतात, तिच्या २०१८ मध्ये आलेल्या १.३ या आवृत्तीत अशी किल्ली हाच नेहमीचा मार्ग आहे. म्हणजे इथं न टिकणं हा दोष नाही, त्यासाठीच ती बनवली जाते.

आता माझी सूचना. मराठीत हे काम करणारा प्रत्यय आधीपासून आहे: '-पुरता'. जोडणीपुरता पोर्ट. सत्रापुरती किल्ली. गिरणाकाठ दादांनीच पहिल्या पोस्टमध्ये 'एपी'चा एक अर्थ 'पुरतं' दिलाय. रोजकीर्द काकांनीही 'त्या दिवसापुरती' लिहिलंय. 'तात्पुरता'मध्येही हाच प्रत्यय आहे. मग एफेमेरॉस म्हणजे अक्षरशः 'दिवसापुरता'. आणि दिवस काढून तिथं दुसरं काही ठेवता येतं: घटकेपुरता, हंगामापुरता, रात्रीपुरती. एकच शब्द सगळीकडे चिकटवण्यापेक्षा 'कशापुरतं' हे विचारावं.

आखाजी

'रातपुरती पाहुनी.' बसनं भाऊ, बराबर बसनं.

सुकीकाठ

नाल्याचं मी बोलू का? रावेर तालुका, सातपुड्याच्या पायथ्याशी शेत आहे.

भूजलवाले तीन प्रकार करतात. बारमाही, म्हणजे वर्षभर वाहणारी. दुसरा हंगामी: पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि झरपून नदीला मिळतं, ती काही महिने चालते. तिसरा हा तुमचा एफेमेरल. याचा तळ भूजलाच्या पातळीच्या कायम वर असतो. जमीन त्याला पाणी देत नाही. पाऊस पडला की लोंढा येतो, ओसरला की पुन्हा रेती-गोटे. म्हणून 'हंगामी' लिहू नका, तो शब्द आधीच दुसऱ्याचा झालेला आहे.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. असा नाला जमिनीकडून पाणी घेत नाही, उलट जमिनीला देतो. आमच्या पायथ्याला गोटे, खडी, जाडी रेती यांचा पट्टा आहे, बझाडा म्हणतात त्याला. डोंगरातून आलेलं पाणी या पट्ट्यात येतं आणि बघता बघता आत मुरतं. वरच्या अंगाला दोन्ही थड्या भरून वाहणारा नाला खाली गेल्यावर अर्धा होतो. ते पाणी खालच्या विहिरींना आणि बोअरना पुढं मिळतं. आमच्या पट्ट्यात केळीसाठी उपसा भयंकर आहे, पाणी दरवर्षी खोल जातंय. ज्या नाल्याला लोक 'कोरडा' म्हणून कचरा टाकायला किंवा रेती उचलायला वापरतात तोच विहिरी भरतो. रेती उचलली की लोंढा मुरायला थांबत नाही, सरळ तापीत जातो.

दादा, तुमच्या पत्रकात हे यायलाच हवं. नाव काहीही द्या, पण वाचणाऱ्याला हा नाला बिनकामाचा वाटता कामा नये.

सांजोरी

नाल्याचं जवळजवळ ठरलं, म्हणून शेवटी एक राहिलेला अर्थ. 'एफेमेरा' हे नाव कागदांनाही आहे: तिकिटं, जाहिराती, पत्रिका, हँडबिलं, दिवस उलटला की फेकायचे कागद. लंडनला १९७५ मध्ये मॉरिस रिकर्ड्सनं त्यासाठी 'एफेमेरा सोसायटी' काढली.

आपल्याकडे याचं मोल समजणारी जागा धुळ्यात आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी दप्तरं, रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), घरगुती कागद गावोगाव हिंडून जमवले. १९२६ मध्ये ते धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं उभं राहिलं. १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष नेहरू. त्यासाठी नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या सामानातून सजावट उभारली होती. अधिवेशनापुरतीच. त्या वेळचं एखादं प्रवेशपत्र, जेवणाचं कुपन, स्वयंसेवकाचा बिल्ला कुणाच्या माळ्यावर असेल तर रद्दीत घालू नका, एवढं कळकळीचं सांगणं आहे. धुळ्याला दाखवा.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. पत्रकात असं लिहितोय, बघा:

'पावसापुरता नाला. हा नाला पाऊस पडल्यावरच वाहतो. त्याच्या पात्राखाली भूजल खोल असतं, त्यामुळे लोंढा ओसरला की तो कोरडा दिसतो. लोंढ्याचं पाणी पात्रातल्या रेती-गोट्यांतून मुरून आसपासच्या विहिरींना मिळतं. पात्रातली रेती काढू नये, कचरा टाकू नये.'

'क्षणभंगुर' कुठंही नाही. नानांचा 'एकाहिक' पाठ्यपुस्तकाच्या टिपणात घेतो आणि पिंडारच्या अर्थासाठी शब्द अजून हवाय, त्यावर वाघूर ताईंनी वेगळा धागा काढावा.

सुकीकाठ

चांगलं झालंय. 'आसपासच्या' ऐवजी 'खालच्या अंगाच्या विहिरींना' करा. पाणी उताराकडे जातं, आणि खालच्यांनी वरच्यांशी बोलायला हवं हे त्यातून कळेल.